कोरा खंडोबा

मंडळी, एक विचारू? विश्वास ठेवावा तो कुणावर? देवापुढे हळद उचलून शब्द देणाऱ्यावर, की तोंडातून अवाक्षर न काढता मत टाकून जाणाऱ्यावर? बसा, चहा येतोय. मतदानाच्या कामावर आलेली तुमच्यासारखी माणसं दर खेपेला मला हटकून विचारतात, टेकडीवरचा खंडोबा असा काळा, उघडाबोडका का? पूजा बंद पडली काय? तसं नाही. एरवी बारा महिने तो भंडाऱ्यानं पिवळाधमक असतो. पण निवडणूक लागली की निकाल लागेपर्यंत आमच्या उंबरदऱ्याच्या देवाला हळदीचा कणही लागत नाही.

असे सांगतात की फार पूर्वी, ग्रामपंचायत वगैरे नव्हती तेव्हा, गाव दर तीन वर्षांनी आपला पाटकरी निवडत असे. बंधाऱ्याचं पाणी कुणाच्या वावरात किती वेळ सोडायचं ते ठरवणारा तो पाटकरी. हातात नुसतं फावडं, पण त्या फावड्याच्या टोकावर अख्खं गाव.

देवळाची पूजा भिवा गुरवाकडे. देवाच्या नावच्या दोन बिघे वावरावर त्याच्या घरची सहा तोंडं जगायची, आणि ते वावर पाटाच्या अगदी शेपटाला. जुना पाटकरी बहिर्जी सरळ माणूस. शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचल्याशिवाय पाळी मोडायचा नाही. त्या साली त्याच्या विरोधात वरच्या आळीचा निंबाजी उभा राहिला. त्यानं गावजेवण घातलं, आणि हात धुवायच्या आत एकेक आळी टेकडीवर आणून बेलभंडारा उचलायला लावला. हळदीचं ताट धरून भिवा उभा.

दुसऱ्या दिवशी बहिर्जीचा पुतण्या तीच माणसं घेऊन वर आला. भिवानं स्वतः सगळ्यात आधी हळद उचलली, अगदी मनापासून. मागोमाग गावानं उचलली. काल ज्या हातांनी, त्याच हातांनी. म्हातारी ठकूबाई पुढे आली तेव्हा मात्र भिवाला राहवेना.

"मावशे, काल निंबाजीची उचललीस ना?"

"कालची काल पदराला पुसली की!" ठकूबाई म्हणाली. "देव दोघांचं ऐकतो ते चालतं, आन मी ऐकलं की पाप व्हय?"

निवडीच्या आदल्या दिवशी निंबाजी एकटाच देवळात आला. पाया पडला, घंटा वाजवली आणि जाता जाता म्हणाला, "काय गुरव, वावर शेपटाला हाय तुमचं. ध्यानात असू द्या." एवढंच. भिवानं मुकाट्यानं चिमूटभर हळद उचलली. मनाशी म्हणाला, एक्क्याऐंशी घरं आहेत, माझ्या एका दाण्यानं काय होतंय? बहिर्जी येणारच.

बहिर्जीला ज्वारीचा दाणा आणि निंबाजीला हरभरा, मूठ झाकून रांजणात टाकायचा, अशी तेव्हाची रीत. पारावर घोंगडं अंथरून रांजण पालथा केला. ज्वारी चाळीस. हरभरे एक्केचाळीस.

भिवाचं टाळकं फिरलं. धावत टेकडी चढला आणि हळदीचं ताट देवापुढे पालथं घातलं. "ज्यानं ज्यानं दोन्हीकडं शब्द दिला, त्याचे हात उद्या पिवळे दिसू देत, देवा! कळू दे गावाला!"

उजाडलं तर, म्हणे, गावातले सगळे हात पिवळेजर्द. राखेनं घासले, चिंचेनं घासले, रंग जाईना. भिवाला वाटलं होतं, गाव लाजेनं मान खाली घालेल. पण सगळ्यांचेच पिवळे म्हटल्यावर लाजायचं कुणी कुणाला? पारावर हशा पिकला.

"अख्ख्या गावाचं लगीन लागलं की रं!"

"नवरदेव निंबाजी! वाजवा ताशा!"

भिवा तणतणत पारावर आला. त्यांना झापायला त्यानं हात वर केला, तसा हशा दुप्पट झाला. तोही हात पिवळाच होता.

एकटा बहिर्जी हसला नाही. त्यानं कुणाला शब्द मागितला नव्हता की दिला नव्हता. त्याचे हात मातीचे, मातीच्याच रंगाचे. तो हळूच म्हणाला, "भिवा, एकाच दाण्यानं गेलं रे. तुझा कोणता होता?"

भिवा तसाच मागं फिरला. त्यानं ओढ्याचं पाणी नेऊन देव धुतला, काळा दगड दिसेपर्यंत धुतला, आणि शपथ घेतली: गाव ज्या दिवसांत शब्द वाटत फिरेल, त्या दिवसांत माझ्या घराण्याचा हात तुला हळद लावणार नाही. पहिला खोटा मीच. त्याच्या वावराला पुढं पाणी आलंच नाही, असं म्हणतात. का येईल? निंबाजीचा शब्दही त्याच हळदीचा होता.

आजही निवडणूक जाहीर झाली की गुरवाच्या घरचा माणूस देव धुतो आणि खाली येऊन गावाला आपले तळहात दाखवतो. गाव हात जोडतं. आणि मग काय करतं, ठाऊक आहे? जीप भरून पलीकडच्या गावच्या देवळात जातं. तिथं हळद मिळते. परवाच तीन जीप गेल्या, एका पक्षाच्या. काल त्याच माणसांच्या तीन, दुसऱ्याच्या. इतकी वर्षं हे बघतोय, पण संताप काही जुना होत नाही.

घ्या, चहा निवतोय. आमच्या शब्दांचा हिशोब देवालासुद्धा लागला नाही, साहेब. तुम्ही आपला मतांचा तेवढा चोख ठेवा.