महाराजांच्या मापाचं कार्ड

"पडलो! पुन्हा पडलो!"

पिंपळगडचे महाराज भैरोजीराव गादीवरून ताडकन उठले. समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांचा पांढरा घोडा नदीत बुडबुडे काढत होता. शर्यतीचा खेळ होता तो. डोंगर, रान सगळं पार व्हायचं, पण नदीवरची उडी म्हणून साधायची नाही. सकाळपासून घोडा इतक्या वेळा बुडाला होता की बघून बघून दरबारच पोहल्यासारखा दमला होता.

"यात महाराजांचा काय दोष?" प्रधानजी लगबगीनं म्हणाले. "ग्राफिक्स कार्डच जुनं! चित्र अडखळतं, म्हणून घोडा अडखळतो."

"जुनं? अरे, दसऱ्याला तर नवं बसवलं!"

"दसऱ्यानंतर दिवाळी आली ना, महाराज! दिवाळीत याच्या वरचं कार्ड निघालं. मेहुणेसाहेबांनी घेतलंसुद्धा!"

मेहुण्याचं नाव निघालं आणि महाराजांच्या मिशा ताठ झाल्या. झालं! म्हादबा कासाराला बोलावणं गेलं.

म्हादबाचं पेठेत दुकान. एका फळीवर बांगड्या, दुसऱ्या फळीवर कॉम्प्युटरचे सुटे भाग. दोन्ही माल नाजूक, दोन्हींची टूम सणागणिक बदलणारी, तेव्हा धंदा बरा चालायचा. गडावरचं बोलावणं म्हणजे नवं कार्ड खपलंच, अशा खुशीत गडी वर आला.

"म्हादबा," महाराज गरजले, "तू कार्ड देतोस आणि मी ते लावतो न लावतो तोच त्याच्या वरचं निघतं! आता असं कार्ड आण, की त्याच्या वरचं जगात कधी निघणार नाही. तोवर तुझा मुक्काम कोठडीत!"

"कोठडीत बसून कार्ड आणू कसं, महाराज?"

"ते तुझं तू बघ!"

ही बातमी दुकानात पोहोचली तेव्हा म्हादबाची बायको सगुणा एका म्हातारीच्या हातात बांगड्या भरत होती. गिऱ्हाइकाला अर्ध्या हातानं उठवायचं नाही, हा तिचा नेम. उरलेल्या बांगड्या तिनं भरल्या, म्हातारीचा आशीर्वाद घेतला, पदर खोचला आणि तडक गड चढली.

"कोण गं तू?"

"म्हादबाची कारभारीण, सगुणा. कार्ड द्यायला आलेय, महाराज."

दरबार सावरून बसला. "कुठाय कार्ड?"

"आधी माप द्या. आम्ही कासार माणसं, मनगट हातात घेतल्याशिवाय बांगडी काढत नाही. कार्ड असतं खेळासाठी, तर खेळाचं माप हवं. तुम्हाला कधीच कमी न पडणारं कार्ड पाहिजे ना? मग जगातला शेवटचा खेळ तेवढा दाखवा. माप घेते की निघाले!"

"शेवटचा खेळ? खुळी का काय तू! खेळ तर रोज नवे निघतात!"

"अगबाई! खेळांनी थांबायचं नाही, आणि कार्डानं तेवढं थांबायचं होय?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांनी मिशी चावली.

"नुसत्या जिभेनं नदी ओलांडता येत नाही, बाई! माझा घोडा पडतो त्याचं काय? हे कार्ड बदलायचं की नाही, ते सांग. बदलायचं, तर मी मागितलं तसंच आणून दे. नाही बदलायचं, तर याच कार्डावर उडी मारून दाखव. नाही जमलं, तर नवऱ्याच्या शेजारची कोठडी रिकामीच आहे!"

"शेजारची कशाला, एकच द्या की. संसार आहे आमचा! पण मी अडाणी, मला खेळता येत नाही. इथल्या कुणीतरी खेळून दाखवा."

आता राजाला न जमलेली उडी मारणार कोण? प्रधानजींच्या बोटात लचक भरली. सेनापतींना एकाएकी घोड्याची भीती वाटू लागली.

तेवढ्यात चिकाच्या पडद्याआडून आवाज आला, "मी बघू का?"

राणीसाहेब! त्या येऊन बसल्या, बांगड्या मागं सारल्या आणि माउस हातात घेतला. घोडा डोंगर चढला, रान ओलांडलं, नदी आली आणि टुणकन पलीकडे!

कॉम्प्युटर तोच. कार्ड तेच. टाळी वाजवायची कुणाची छाती होईना. कार्ड चांगलं, तर मग खोट कुठं आहे, हे सगळ्यांना कळलं होतं. ते बोलून दाखवायचं मात्र सगुणेला होतं.

तिनं शांतपणे मुजरा केला. "माप मिळालं, महाराज. कार्ड तुम्हाला सैल होतंय."

"सैल?"

"चूक आमच्या मालकांची. राजा म्हणून मोठ्या मापाचं देऊन बसले! सैल बांगडी हात हलवला की निसटते, तसा तुमचा घोडा निसटतो. याच्या वरचं घ्याल तर आणखी सैल व्हायचं! जरा मनगट भरू द्या. उडी जमली, की मग बदलू."

महाराज स्वतःच्या मनगटाकडे बघू लागले. आधी राणीसाहेबांनी तोंडाला पदर लावला. महाराजांनी रागवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण मिशीआडून हसू फुटलंच.

"शाबास! पण म्हादबा सुटायचा नाही हं. ज्याच्या वरचं निघणार नाही असं कार्ड मी मागितलंय. राजाचा शब्द आहे!"

"ते होय? ते तर तुमच्याच कपाटात असेल. तुम्ही काढून टाकलेलं जुनं."

"ते भंगार?"

"भंगार कसं? खुद्द महाराजांनी वापरलेलं कार्ड! त्याच्या वरचं कार्ड कुणाची काढायची हिंमत आहे?" सगुणा वळली. "काय प्रधानजी, असेल का कुठं याच्या वरचं?"

प्रधानजी घामाघूम झाले. "छे छे! शक्यच नाही! कसं असेल?"

महाराज पोट धरून हसले. "सोडा रे म्हादबाला! आणि कपाट उघडा. असतील नसतील तेवढी जुनी कार्डं हिच्या ओटीत घाला!"

सगुणेनं ओटी भरून घेतली, आणि गड उतरायच्या आत पहिलं कार्ड प्रधानजींनाच विकलं. नव्याच्या दुप्पट भावानं!