ढोल्या राक्षसाची लगोरी

सांगा बघू, दोन हमाल पोतं उचलतायत. एक म्हणतो, "मी एकटा नेईन, बाजूला व्हा!" दुसरा मध्येच ओरडतो, "थांबा हो, माझा हात सुटतोय!" तुमच्या डोक्यावरून पोतं न्यायचं असेल तर भरवसा कुणावर ठेवाल? पहिल्यावर ना? मीही तसंच केलं होतं, आणि अर्धा मण गहू वेचत बसले होते. असो. पाय पोटाशी घ्या आणि ऐका.

एकदा काय झालं, डोंगराच्या कुशीत सातआळी नावाचं गाव होतं. गावात सात आळ्या, आणि गावाला एकच झरा. मग एके दिवशी ढोल्या नावाचा राक्षस आला. ऊन होतं, जागा गार वाटली, म्हणून बसला तो नेमका झऱ्याच्या तोंडावर. झालं, पाणी बंद!

पाटील काठी घेऊन गेले. ढोल्यानं त्या काठीनं कान कोरला. मग पैलवान गेला. ढोल्यानं त्याला चिमटीत धरून हळूच झाडावर ठेवला. मग गावचा वाणी गेला, गोड बोलणारा, गुळाची ढेप घेऊन. ढोल्यानं गूळ खाल्ला आणि विचारलं, "तीळ नाही आणलेत, शेटजी?"

पण वाणी हुशार, बरं का. त्यानं विचारलं, "ढोलेराव, तुम्हाला हवंय तरी काय?"

ढोल्या म्हणाला, "खेळायला कुणी नाही हो मला."

मग ठरलं. रोज एक डाव लगोरीचा, असे तीन दिवस तीन डाव. प्रत्येक आळीचं एक मूल. चेंडूनं सात दगडांची लगोरी फोडायची आणि पुन्हा रचायची. ढोल्या बसल्या जागेवरून चेंडू मारणार. चेंडू लागला की बाद. बाद झालेल्यानं ढोल्याच्या पागोट्यात जाऊन बसायचं. पागोटं म्हणजे गवताच्या गंजीएवढं! मुलांनी एक डाव जरी जिंकला तरी ढोल्या उठणार. तिन्ही हरली तर शंभर वर्षं तिथंच बसणार. आणि गावाच्या रांजणात पाणी किती? तीन दिवसांचं. मग गाव सोडायचं.

आता सातआळीची रीत ऐका. तिथं प्रत्येक आळी आपापला दगड आणायची. ज्याचा दगड सगळ्यात वर, त्यानं "लगोरी!" ओरडायचं. वर्षभर त्या आळीचा तोरा. म्हणून प्रत्येकानं काय केलं? आपला दगड ठोकून ठोकून बारीक केला. कासारआळीची वच्छी म्हणाली, "माझा वर!" सुतारआळीचा भिवा म्हणाला, "ह्या! माझा तर सुपारीएवढाय." कुंभारआळीच्या मैनीचाही तसाच. सगळेच वर बसायला आलेले, तळाला कुणीच नाही. सात लिंबं एकावर एक रचावीत तशी गत. लगोरी आपली आपणच पडायची. ढोल्यानं निवांत एकेकाला टिपलं. पहिला डाव गेला.

मैनी घरी आली आणि तिनं स्वयंपाकघरातला पाटा उचलला.

आई म्हणाली, "अगं ए! पाटा नेतेस तर चटणी काय तुझ्या डोक्यावर वाटू?"

"आजच्या दिवस कोरडंच खाऊ, आई. तळाला कुणीतरी हवं ना!"

पाटा बघून पोरं हसली. मग त्यांच्या लक्षात आलं. मैनीनं आपला वरचा मान सोडला होता. मग एकानं दारातली फरशी आणली, एकानं चुलीपुढचा दगड. वच्छीचा वितीएवढा. भिवा तेवढा आपल्या सुपारीला चिकटून राहिला. वरही काहीतरी लागतंच, नाही का?

दुसऱ्या दिवशी लगोरी कशी खांबासारखी उभी राहिली! मुलांनी ती फोडली आणि रचायला घेतली. पण तोंडं मिटलेली. भिवा आणि वच्छी एकाच दगडावर धावले आणि धाडकन डोक्याला डोकं! तेवढ्यात चेंडू भिवाच्या कुडत्याला चाटून गेला.

"भिवा, तू बाद!" बाकीची पोरं ओरडली.

"छट्, वाऱ्यानं हलला कुडता!"

"लागलाय!"

"नाही लागला!"

भांडण रंगलं आणि ढोल्यानं सगळ्यांना टिपलं. सातही जणं पागोट्यात, एकमेकांकडे पाठ करून बसली. दुसरा डाव गेला.

गावात रांजण खरवडायचे आवाज येऊ लागले. पाटील बैलगाड्या जुंपायच्या तयारीत. पोरं पारावर बसली, कुणी कुणाशी बोलेना.

शेवटी वच्छी म्हणाली, "भिवा, तुझं डोकं आहे की नारळ? हे बघ टेंगूळ!"

"मग सांगायचंस ना, तू धावतेयस ते!"

"तू तरी सांगितलंस का?"

मैनीला हसू फुटलं. मग सगळीच हसली. मग त्यांनी ठरवलं, प्रत्येकानं बोलायचं. दगडाकडे धावताना "मी!" चेंडू आला की "वाक!" दगड पुढं देताना "घे!" बस्स, तीन शब्द. आणि दिवे लागेपर्यंत ती पारावर तेच खेळली, डोळ्यांना फडकी बांधून. आधी पाडापाडी झाली. मग जमलं. जाताना भिवा खाली बघत म्हणाला, "मला लागला होता."

मैनीनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

तिसरा दिवस. सगळा गाव हजर, गाड्या जुंपलेल्या. चेंडू बसला, लगोरी फुटली, आणि मैदानात एकच गजर. "मी!" "वाक!" "घे!" पाटा बसला, फरशी बसली. तीन झाले, चार झाले. ढोल्याचे हात दोन आणि सावध करणारी तोंडं सात. चेंडू लागेचना! पाच. सहा.

तेवढ्यात चेंडू भिवाच्या शेंडीला चाटून गेला. इतका हलका, की कुणाला दिसला नाही. ढोल्यालाही नाही.

भिवा थांबला. "मला लागला. मी बाद."

गावातून "अरेरे!" झालं. भिवाचा बाप म्हणाला, "गाढवा, कुणी बघितलं होतं?" पण भिवा गेला, आणि चढून बसला पागोट्यात.

आता राहिला सातवा दगड, भिवाचाच. पण तो होता कुठं? पोरं शोध शोध शोधतायत. कुठं दिसेना.

आणि मग वरून आवाज आला. "वच्छे! ढोल्याच्या डाव्या गुडघ्यामागं!"

गुडघा म्हणजे टेकाडच, बरं का! खालून दिसणार कसं? पागोट्यातून मात्र सगळं मैदान हातावरच्या रेषांसारखं दिसत होतं.

"ए, बाद झालेल्यानं बोलायचं नाही!" ढोल्या गरजला.

वाणी पुढं झाला. "ढोलेराव, ठरलं तेव्हा असं म्हणाला होतात का?"

ढोल्यानं डोकं खाजवलं. तेवढ्यानं भिवा पडता पडता वाचला. "नव्हतो म्हणालो," तो कबूल झाला.

"मी!" वच्छी धावली. "वाक!" भिवा वरून ओरडला. ती वाकली, चेंडू सूं करून गेला. "घे!" दगड मैनीच्या हातात. मैनीनं तो वर ठेवला आणि थांबली. एकटी ओरडली नाही. तिनं सगळ्यांकडे बघितलं, पागोट्याकडेही.

मग सात तोंडांतून एकदम निघालं, "लगोरीऽऽ!"

ढोल्या शब्दाचा पक्का. उठला. आणि झरा असा उसळला, असा उसळला, की पाटलांचं पागोटं वाहून गेलं! बायकांनी हंडे भरले, बैलांची जुवं उतरली, पैलवानानं पाण्यातच कोलांटी मारली. भिवाच्या बापानं भिवाला खांद्यावर घेतला आणि गावभर सांगत सुटला, "माझा मुलगा बाद झाला हो, बाद झाला!" ढोल्या डोंगरापलीकडे राहायला गेला. तरी दर बाजाराच्या दिवशी तो खेळायला यायचा, तीळगूळ घेऊन. सगळे आनंदात राहिले.

त्यांचं पाणी त्यांच्या रांजणात पोचलं, तुमची झोप तुमच्या डोळ्यांत पोचू दे. मिटा बघू डोळे. आणि उद्या अंगणात खेळाल तेव्हा गुण तुमचे तुम्हीच मांडा बाळांनो, पण लागला तर लागला म्हणा. तेवढा हिशेब खरा ठेवा.