छातीची उंची

“पण कोणाच्या छातीची जी, साहेब?”

निरंजन देवताळे हसला. वनशास्त्राच्या पदवीत पहिला आलेला नवा वनअधिकारी, सहा फुटी गडी. विचारणारा चैतू कोवे त्याच्या खांद्यालाही लागत नव्हता. चौथीनंतर शाळा नाही, चाळीस वर्षं जंगलाची राखण.

“कोवेबाबा, झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा, म्हणजे साडेचार फुटांवर. तुमची छाती धरली तर सागाचं बूडच मोजावं लागेल!”



निरंजननं सागाला फीत गुंडाळली. घेर एकशे बावीस सेंटिमीटर. एकशे वीसच्या वरचं झाड तोडायचं, असा हुकूम. त्यानं शिक्क्याचा हातोडा उचलला. तीन दिवसांत या उतारावर त्यानं दोनशे चौदा साग शिक्का मारून तोडणीला लावले होते. तोडणीवाले परवा येणार होते.

“थांबा जी.”

कोवे मुळ्या धरत चढला. झाडाच्या वरच्या अंगाला उभा राहिला. साडेचार फुटांवर खाच असलेली आपली काठी त्यानं जमिनीला टेकवली, खोडाला लावली. खाच निरंजनच्या मापाहून हातभर वर गेली.

“आता फीत लावा.”

एकशे सोळा.

हातोडा झाडाला न लागताच खाली आला...

उतारावरचं झाड वरच्या अंगानं मोजावं. हे पुस्तकात होतं. पेपरातही आलं होतं, त्यानं बरोबर लिहिलं होतं. पण चढायचा कंटाळा. तीन दिवस तो खालच्या पायवाटेवरूनच मोजत आला होता.

“बाबा... पहिल्याच दिवशी बोलला का नाहीत?”

“बोललो जी. तुम्ही म्हणाले, काठी ठेवा, फीत धरा.”

निरंजनची मान खाली गेली. वरिष्ठांना लिहून द्यायचं, म्हणजे पहिल्या नंबराचं हसं. न लिहिलं, तर कुणाला कळणारही नव्हतं. पडलेल्या झाडाला वरचं अंग नसतं, खालचं अंग नसतं.



मग त्यानं डायरीचं पान फाडलं. लिहिलं, ‘माप माझ्याकडून चुकलं. तोडणी थांबवावी.’ खाली पूर्ण नावानिशी सही केली.

“चला बाबा, पहिल्या झाडापासून. आता तुमच्याच छातीनं मोजू.”

कोवेनं चढाकडे बोट दाखवत काठी त्याच्या हातात दिली.

“छाती राहू द्या जी, साहेब. पाय आणा.”