कपाटाखाली पेरूची फोड

एक होती ठुमकी. एवढीश्शी गिनीपिग. मऊ मऊ पोट, काळे काळे डोळे, आणि शेपूट? शेपूट नाहीच मुळी!
तिचा दादा गब्बू. गब्बूला बरं नव्हतं. गवत नको म्हणाला. काकडी नको म्हणाला. कोपऱ्यात तोंड करून बसला बिचारा.
"पेरू खाशील?" ठुमकीने विचारलं.
"वीक," गब्बू म्हणाला. म्हणजे हो!
घरात पेरूची एकच फोड. ठुमकीने ती तोंडात धरली. निघाली तुरूतुरू तुरूतुरू. आणि फोड सुटली की हो! गडगड, गडगड... गेली कपाटाखाली!
ठुमकीने नाक घातलं. पोट अडकलं. आता काय करायचं? आई कुठे होती? आंघोळीला. नेमकी!

ठुमकी गेली झाडूकडे. तुरूतुरू तुरूतुरू.
"झाडूदादा, झाडूदादा, हल ना! फोड निघेना, गब्बू जेवेना!"
झाडू म्हणाला, "वाईट वाटतं गं ठुमके. पण मला हात कुठेत? आजोबा उठले, तर हलेन."

ठुमकी गेली आजोबांकडे. तुरूतुरू तुरूतुरू.
"आजोबा, आजोबा, उठा ना! झाडू हलेना, फोड निघेना, गब्बू जेवेना!"
आजोबा म्हणाले, "वाईट वाटतं गं ठुमके. पण चष्मा बाळाकडे! चष्म्याशिवाय उठलो, तर तुझ्यावरच पाय पडायचा. बाळाने चष्मा सोडला, तर उठेन."

ठुमकी गेली बाळाकडे. तुरूतुरू तुरूतुरू.
"बाळा, बाळा, चष्मा सोड ना! आजोबा उठेनात, झाडू हलेना, फोड निघेना, गब्बू जेवेना!"
बाळाने चष्मा घट्ट धरला. "दूदू!" बाळ म्हणालं. "दूदू दे!"

ठुमकी गेली दुधाकडे. तुरूतुरू तुरूतुरू.
"दुधा, दुधा, नीव ना! बाळ चष्मा सोडेना, आजोबा उठेनात, झाडू हलेना, फोड निघेना, गब्बू जेवेना!"
वाटीतलं दूध म्हणालं, "वाईट वाटतं गं ठुमके. पण मी फार गरम! बाळाचं तोंड पोळेल ना! पंखा फिरला, तर निवेन."

ठुमकी गेली पंख्याखाली. तुरूतुरू तुरूतुरू. मान केली वर.
"पंखेदादा, पंखेदादा, फिर ना! दूध निवेना, बाळ चष्मा सोडेना, आजोबा उठेनात, झाडू हलेना, फोड निघेना, गब्बू जेवेना!"
पंखा म्हणाला, "वाईट वाटतं गं ठुमके. पण बटण कोण दाबणार? केतकीताई उठली, तर फिरेन."

केतकीताई पडद्यामागे बसली होती. गुडघ्यात तोंड घालून.
ठुमकी गेली ताईकडे. तुरूतुरू... दमली गं बाई!
"ताई, ताई, ऊठ ना! पंखा फिरेना, दूध निवेना, बाळ चष्मा सोडेना, आजोबा उठेनात, झाडू हलेना, फोड निघेना, गब्बू जेवेना!"
"नाही उठणार!" ताई म्हणाली. "माझा गब्बू जेवत नाही. मला खूप रडू येतंय. गब्बू जेवला, तरच उठेन!"

अरे देवा! ताई उठली, तर गब्बू जेवणार. आणि गब्बू जेवला, तर ताई उठणार! आता कुणाकडे जायचं?
ठुमकी कुणाकडेच गेली नाही. हळूच ताईच्या पावलावर चढली. पोट टेकलं. बसली.
ताईने हात लावला. ठुमकीची छाती धडधड, धडधड.
"अगंबाई! तुलाही रडू येतंय?"
"वीक."
"तुलाही गब्बूची काळजी वाटते?"
"वीक, वीक."
ताईने डोळे पुसले. नाक पुसलं. "चल, ठुमके. उठले बघ मी!"

ताई उठली. बटण दाबलं, खट्!
पंखा फिरला, गरगर गरगर.
दूध निवलं.
बाळ दूध प्यालं, गुटुक गुटुक. चष्मा सोडला.
आजोबा उठले, "हां, आता दिसतंय!"
झाडू हलला, सर्र सर्र.
फोड निघाली! धूळच धूळ. आजोबांनी छान धुतली.
ताईने फोड गब्बूसमोर ठेवली. सगळे वाकून बघू लागले. पंखासुद्धा हळू फिरला.
गब्बूने हुंगलं. एकदा हुंगलं. परत हुंगलं.
कुर्रम!
"जेवला! गब्बू जेवला!" ताई ओरडली. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. ठुमकी उडाली, टुणकन! टुणकन!
कुर्रम, कुर्रम, कुर्रम... आणि गब्बू थांबला. अर्धी फोड उरली होती. ती त्याने नाकाने ढकलली. ढकलत ढकलत ठुमकीपुढे आणली.
"वीक," गब्बू म्हणाला. म्हणजे, ही तुझी!

ठुमकीने खाल्ली. फोड संपली, गोष्ट संपली. चला, तोंड पुसा!