एकाच पाकटाची दोन वये

एकदा एका किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत माशांचे वय ओळखणारे एक वृद्ध आचार्य होते. पाकट या चपट्या, लांब शेपटीच्या माशाच्या मणक्याची पातळ चकती घासून उजेडात धरली, की वाढीची वर्तुळे दिसतात. ती मोजायची आणि वय सांगायचे, एवढीच त्यांची विद्या. मात्र ती माणसाची चिकाटी पार पिळून काढी.

त्यांची शिष्या हेमांगी त्याच गावातल्या रापणकाराची लेक. रापण म्हणजे साऱ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचे जाळे. दोराला हात लावेल त्याला माशांत वाटा. अलीकडे पाकटे कमी झाली होती. गावाने ठरवले, पाकट कितव्या वर्षी पिल्ले देते आणि तेव्हा केवढे असते ते हेमांगीने सांगावे, त्याहून कोवळी आपण पाण्यात परत सोडू. तिच्या शब्दावर घरोघरचा वाटा घटणार होता, आणि तो शब्द चुकला तर पाकटेच संपणार होती.

सभेच्या आदल्या दिवशी आचार्यांनी तिच्यापुढे दोन चकत्या ठेवल्या. एकीवर लिहिले होते ‘मोठे’, दुसरीवर ‘लहान’.

“मोज.”

वर्षभर हेच करणाऱ्या हेमांगीला राग आला. नवशिक्यासारखी परीक्षा कसली! तरी तिने मोजले. “हे नऊ वर्षांचं, सर. आणि हे सहा.”

“दोन्ही मणके एकाच पाकटाचे आहेत,” आचार्य म्हणाले.

हेमांगीने दोन्ही चकत्या पुन्हा उजेडात धरल्या.

“मोठे म्हटल्यावर पुसट रेघही तुला वर्ष वाटली, लहान म्हटल्यावर तीच तू सोडून दिलीस. तू माशाची लांबी आधी वाचतेस आणि मग वय मोजतेस. लांबी झाकून ठेव, पुन्हा मोज. दोनदा मोजून जे जुळेल तेवढेच तुझे ज्ञान. मीही तरुणपणी असाच शिकलो, बाळ, आणि मला तर चुकीचा आकडा सांगण्याआधी कोणी अडवलेही नव्हते.”

“पण सभा उद्या आहे!”

“ते तुझे तू ठरव.”

दुसऱ्या दिवशी सगळा गाव देवळापुढे जमला. हेमांगी उभी राहिली. तिचे वडील समोरच बसले होते, तिच्याकडे डोळे लावून.

“माझी मोजणी चुकीची होती,” ती म्हणाली. “आज आकडा सांगितला तर तो अंदाज होईल. मला सगळं पहिल्यापासून मोजायचं आहे.”

कुजबुज झाली. कोणीतरी हसलेही. मागे बसलेल्या आचार्यांची छाती मात्र अभिमानाने भरून आली. आयुष्यभर शिष्यांना शिकवल्याचे आज सार्थक झाले, असे त्यांना वाटले.

रापणीतले सर्वांत वयस्क गुणाजी आबा काठी टेकत उठले.

“मोज गो बाय, सावकाश मोज. आमी थांबतो. जिका ‘माका म्हायत नाय’ असा चारचौघांत सांगूक येता, तिचा ‘म्हायत आसा’ आमी डोळे मिटून मानू.”