दारातून दिसणारी पाणबुडी

शलाकाला पहिल्यांदा खटकलं ते मखमली कापड. ऋजुताच्या हातभर लांब पाणबुडीखाली निळी मखमल होती आणि शलाकाच्या वीतभर पाणबुडीखाली कालचं वर्तमानपत्र. ऋजुताचं भारीतलं किट तिच्या काकांनी जपानहून आणलेलं, शलाकाचं कोपऱ्यावरच्या दुकानातलं. दोन्हींतली एकच पाणबुडी कॉलेजतर्फे पुण्याच्या प्रदर्शनाला जाणार होती. ऋजुता मखमलीची सुरकुती काढत होती, तर तेवढ्यानंही शलाकाचा जळफळाट होत होता.

"आपल्या नौका-प्रतिकृती मंडळाचा नियम ठाऊक आहे ना?" घारपुरे सर माइकवर गरजले, तशी शलाका दचकलीच. "नौका दारातून बघायची. जी उठून दिसेल, ती पहिली!"

दरवर्षी जहाजांच्या प्रतिकृती अशाच निवडल्या जात. सर ऐटीत दाराशी गेले आणि त्यांनी लांबचं बघायला कपाळावर आडवा हात धरला.

"वा ऋजुता, काय झोकात दिसतेय! शलाका, तुझी कुठाय गं? मला तर दिसतच नाही."

सभागृह हसलं. ऋजुता जरा जास्तच हसली. त्या हसण्यानं शलाकाला अशी चीड आली की घाबरायचंही राहून गेलं.

"सर, तुम्ही शत्रूचं जहाज आहात असं समजा. तिची पाणबुडी तुम्हाला दिसली, माझी दिसली नाही. आता बंदरात सुखरूप परत कोणती येईल?"

सर दारातून दोन पावलं आत आले.

"सांगा ना कुणीतरी! कोणती येईल?"

पाहुणे म्हणून आलेले, पाणबुडीवरच्या नोकरीतून निवृत्त झालेले तोरसकर पहिल्या रांगेतून उठले.

"न दिसलेली," ते म्हणाले. "घारपुरे, पुण्याला हिचीच पाठवा."