दाजी नावाच्या शिपायाचं पदक

लय वर्षांमागची गोष्ट. तवा आमच्या आज्याच्या मिशा काळ्या हुत्या आन् एश्टी वेशीपर्यंत येत नव्हती. मधी कुणी बोलायचं न्हाई. खोकायचं असलं तर आत्ताच खोकून घ्या.

आमच्या वाघजळीत एक जावई हुता. केरबा बाळकू ढाणे. हे नाव मी आत्ता घेतलं तेवढंच, त्याच्या हयातीत पार शेवटच्या दिसापर्यंत ते कुणी घेतलं न्हाई. आई-बाप लहानपणीच गेलेले, भाऊ न्हाई, बहीण न्हाई. आमच्या गावच्या गजराबाईशी लग्न झालं आन् गडी हितंच राहिला, घरजावई. आता गावचा जावई म्हंजे साऱ्यांचा दाजी. पोरं म्हणायची दाजी, न्हावी म्हणायचा दाजी, दात पडलेलं म्हातारं बी म्हणायचं दाजी. बायको तर नवऱ्याचं नाव घेतच नसती, तिचं 'अवो'वर भागायचं. असं करता करता केरबा म्हणून हाक मारणारं जगात कुणी उरलंच न्हाई.

दाजी फौजेत गेला. त्याच्या मागनं आमच्या गावची पोरं भरती झाली. सगळे मेव्हणेच! ती दाजी म्हणायची, म्हणून बाकीच्यांनी बी धरलं. मराठीचा गंध नसलेला आचारीसुदीक "दाजी, चाय" म्हणायचा.

मग बर्फातली लढाई लागली. तिकडं थुंकलं तर खाली खडा पडायचा, असं म्हणत्यात. आमची पोरं जखमी होऊन नदीपल्याड अडकली, वरनं तोफा. दाजी नदीत उतरला आन् एकेका मेव्हण्याला पाठीवर घेऊन अल्याड आणाय लागला. किती आणले? गणपा सुताराला विचाराल तर पाच. आमच्या तात्याला विचाराल तर पंधरा, आन् वर एक खेचर. त्यो पाय टाकायचा तिथं बर्फाची वाफ व्हायची, असं म्हणत्यात. शेवटच्या खेपेला एक गोळा कानाशी फुटला. दाजीचे दोन्ही कान गेले. तवापासून त्यो माणसाच्या ओठांवरनं बोलणं ओळखायचा.

काठावर एक साहेब जखमी पडला हुता. त्यानं हे सगळं बघितलं. "कौन है वो जवान?" म्हणाला.

पाठीवरचं मेव्हणं कण्हत बोललं, "दाजी हाय, साहेब. आमचा दाजी."

साहेबानं कागदावर लिहिलं, शिपाई दाजी, ह्याला पदक द्यावं. सही केली आन् जीव सोडला.

पदक मंजूर झालं. पण पलटणीत दाजी नावाचा शिपाईच नव्हता! केरबा ढाणेच्या नोंदीत पदकाची जागा कोरी, आन् दाजीच्या नावावर पदक हाय तर दाजीच न्हाई. म्हंजे बघा, जावयाचं पदक आमच्याच जिभेनं खाल्लं.

दाजी घरी आला. गजराबाईनं त्याच्या सदऱ्याला डाव्या बाजूला पिन लावून ठेवली. "पदक आलं की हुडकत बसायला नको," म्हणाली. शेजारच्या गावची पोरं चिडवायची, "दाजी, पिन भारी हाय. पदक धुवायला टाकलंय का?" दाजी ओठांवरनं ओळखायचा आन् पुढं चालायचा.

कुणी म्हणालं, "दाजी, द्या की सोडून."

"मला मिरवायचं न्हाई रं," दाजी म्हणाला. "त्या साहेबानं मरता मरता लिहिलंय. मरणाऱ्याचं लिहिणं खोटं पडू ने."

आन् त्यो शहरातल्या रेकॉर्डच्या हापिसात जायला लागला. नोंद दुरुस्त करा म्हणून. पहिल्याच खेपेला तिथला बाबू म्हणाला, "बाबा, दाजी हे नाव नाही, नातं आहे. नात्याला पदक देता येत नाही. साहेबांना भेटा."

"साहेब कुठं हायत?"

"जेवायला गेलेत."

दाजी दारात सावधान उभा राहिला. तिथं कडुनिंबाचं रोप हुतं, गुडघ्याएवढं. शेवटी शेवटी त्याच निंबाखाली जीपगाड्या लावायचे, असं म्हणत्यात. एकदा तर त्यो इतका वेळ उभा राहिला, की साळुंकीनं त्याच्या टोपीत घरटं केलं. पिल्लं उडून जाईस्तोवर दाजीनं टोपी काढली न्हाई. साहेब काय आला न्हाई.

प्रत्येक खेपेला परत आला की त्यो वेशीतल्या दगडावर बसायचा. बुटाच्या नाड्या सोडायचा. बायाबापड्या विचारायच्या, "काय झालं वं दाजी?"

"साहेब जेवायला गेल्यात."

"मेला कवाचा जेवतोय! पंगत उठली, उष्टी निघाली, ह्यो ताटावरच."

दाजी हसायचा न्हाई. बुटातला खडा झटकायचा आन् म्हणायचा, "बघू पुढच्या खेपेला."

बाबू बदलले. साक्षीदार आणा, म्हणाले. पाठीवरनं आणलेले मेव्हणे एकेक करून म्हातारे झाले, खोकले, गेले. दाजीचे केस निंबाच्या फुलागत पांढरे झाले. पिन गंजायची, गजराबाई नवी लावायची. सदरे बदलले, पिनेची जागा तीच.

मग एका वर्षी गाव उठलं. न्हावी, सुतार, बाया, कडेवरची पोरं, सगळी टेंपोत कोंबून हापिसाच्या दारात. नवा बाबू कोवळा हुता, मिशा अजून फुटत हुत्या. घाबरलाच. "काय पाहिजे?"

"आमच्या दाजीला वळखून दावतो," तात्या म्हणाला.

दाजी निंबाखाली पाठमोरा उभा. कान तर कवाच गेलेले. सगळ्या गावानं छाती भरून हाक मारली, "दाजीऽऽ!"

निंबावरचे कावळे उडाले. आन् कान नसलेला म्हातारा गर्रकन वळला आन् टाच आपटून सावधान झाला. असं म्हणत्यात, हापिसाच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

बाबूच्या डोळ्यात पाणी आलं. "दुरुस्ती करतो," म्हणाला. "आजच करतो."

आन् त्यानं केली. मनापासून केली. पण कशी? केरबा बाळकू ढाणे ह्यावर रेघ मारली आन् वर लिहिलं, दाजी!

कागद गावात आला, मास्तरनं वाचला. शिपाई दाजी यांनी ओळख पटवून पदक घेऊन जावे. आता ओळख पटवायची कशानं? रेशनकार्डावर केरबा, पेन्शनीवर केरबा, मतदानाच्या यादीत केरबा. आन् रेकॉर्डात केरबा उरलाच न्हाई.

दाजी मास्तरच्या ओठांकडं बघत हुता. आन् इतक्या वर्षांनी त्यो पहिल्यांदा हसला.

"म्हंजे लढला दाजी," म्हणाला, "आन् म्हातारा झाला केरबा."

उठला, हळूहळू वेशीपर्यंत गेला, दगडावर बसला. दुपार कलली हुती. आज नाड्या सोडायला बी हात उठंना. डोळं मिटून घेतलं. "दमलो," एवढंच म्हणाला.

गजराबाई मागनं आली. म्हातारी समोर उभी राहिली, पदर डोक्यावरनं सारखा केला. आख्ख्या जन्मात जे नाव तिनं उखाण्यातसुदीक धड घेतलं नव्हतं, ते चार माणसात, मोठ्यांदा, खणखणीत घेतलं.

"केरबा बाळकू ढाणे!"

कान न्हाईत, डोळं मिटलेलं, ओठ दिसायचा प्रश्नच न्हाई. तरी दाजीनं मान वर केली.

"हजर," म्हणाला.

आन् तसाच गेला. बसल्या बसल्या, ताठ. त्या वक्ताला डोंगराआडनं उन्हाची एक तिरीप आली आन् नेमकी त्या रिकाम्या पिनेवर गोल होऊन बसली. रुपयाएवढी. त्याला खाली निजवलं तरी ती हलली न्हाई, असं म्हणत्यात. ज्यांनी बघितलं त्यांनी त्या उन्हाला सलाम ठोकला.

तवापासून वाघजळीत जावयाला कुणी दाजी म्हणत न्हाई. जावई आला की वेशीतल्या दगडापाशी थांबवायचा. गावातली सगळ्यात म्हातारी बाई त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव घेऊन मोठ्यांदा हाक मारती. त्यानं टाच जुळवून हजर म्हणायचं. मग पायावर पाणी. गेल्या दिवाळीला माझ्या ताईचा नवरा पहिल्यांदा आला. हाक ऐकून त्याला वाटलं पोलीस आले. हातातला मिठाईचा पुडा पडला, 'हजर' असं बारीक निघालं की कोंबडी बरी. लय हसलो आम्ही. पण म्हातारी हसली न्हाई. पुन्यांदा म्हणायला लावलं.

दाजी ही हाक आम्ही एकालाच ठेवलीय. झेंड्याच्या दिवशी, झेंडा वर गेला की मास्तर पुकारतो, "शिपाई दाजी!"

आन् आख्खं गाव म्हणतं, "हजर!"

पदक अजून त्या हापिसातल्या कपाटातच असंल. आम्ही पिन सांभाळून ठेवलीय. साहेब जेवायला गेल्यात, येतील.